दहाव्या पत्त्यावर

१

धाकटी ज्या महाविद्यालयात नोकरी करायची, तिथं संगणकांना पत्ते वाटायचं काम तिच्याकडं होतं. ऐकायला हे पोस्टमनसारखं वाटतं, पण तसं नाही. पोस्टमन बिचारा ठरलेल्या पत्त्यावर पत्र टाकतो आणि सायकलवर टांग मारतो. धाकटी पत्ताच ठरवायची.

प्रयोगशाळेतला असो, ग्रंथालयातला असो की प्राचार्यांच्या टेबलावरचा, प्रत्येक संगणकाच्या पोटात एक कार्ड असतं आणि त्या कार्डावर कारखान्यातच एक खूण उमटवलेली असते. शिकलेले लोक तिला मॅक ॲड्रेस म्हणतात. धाकटी म्हणायची जन्मखूण. सकाळी संगणक सुरू झाला की डोळे चोळायच्या आधी तो सगळ्या इमारतीला ओरडून सांगतो, ‘मी आलोय, मला जागा द्या!’ मग तळमजल्यावरचा सर्व्हर त्याची जन्मखूण बघतो आणि म्हणतो, ‘तू होय? तुझी जागा ती. जाऊन बस.’ कुठल्या खुणेला कुठली जागा, हे त्याला धाकटीनं शिकवलेलं. सर्व्हर तोंड बघत नाही, कपडे बघत नाही, तू मागच्या वर्षी कुठं होतास हे विचारत नाही. खूण जुळली की जागा तुझी. धाकटीला या कारभाराचा फार आदर वाटायचा, कारण घरी गेल्यावर तिच्या वाट्याला बरोबर उलटं यायचं.

तिला धाकटी म्हणायचे, कारण तिच्या आधी एक थोरली होऊन गेली होती. नवरा चष्मेवाला. खाली दुकान, वर घर, मधे लाकडी जिना. थोरली आजारपणात गेली, मधे काही वर्षं गेली आणि मग चष्मेवाल्यानं हिच्याशी लग्न केलं. गंमत म्हणजे धाकटी थोरलीपेक्षा वयानं मोठी होती आणि दर वाढदिवसाला आणखी मोठी होत होती. मेलेल्या बाईचं हे एक बरं असतं, तिच्या तोंडावर सुरकुती पडत नाही. जिवंत सवत असती तर कडाकडा भांडता आलं असतं, झिंज्या उपटता आल्या असत्या. हिच्या झिंज्या आणायच्या कुठून?

तशी थोरली घरात कुठंच नव्हती. फक्त खिडकीजवळ हिरव्या कापडाची तिची एक आरामखुर्ची होती आणि तिच्यावर कुणी बसायचं नाही. बसू नको असं धाकटीला कुणी सांगितलं नव्हतं. पण ती खुर्चीकडं वळली की सासूबाईंना एकदम खोकला यायचा. चष्मेवाला दुकान बंद करून वर आला की त्या रिकाम्या खुर्चीकडं बघून दोन शब्द बोलायचा. सवय, दुसरं काय. काही जण मांजराशी बोलतात.

तर एका रविवारी दुपारी दुकानाचा प्रिंटर हट्टाला पेटला, म्हणून धाकटीनं घरचा राउटर पहिल्यांदाच उघडून बघितला. तो थोरलीनं बसवलेला. तिनं घरातल्या एकेका यंत्राला स्वतः जागा राखून दिली होती आणि नावंही ठेवली होती. ‘दुकानाचा प्रिंटर’. ‘आईंचा टीव्ही’. ‘चष्मेवाला’, म्हणजे नवऱ्याचा फोन. आणि सगळ्यांच्या वर, दहाव्या पत्त्यावर, नुसतं ‘मी’.

धाकटीचा स्वतःचा लॅपटॉप एकशे सत्तेचाळिसाव्या पत्त्यावर होता. तो कुणी राखून दिला नव्हता. आलीस का, बस मग कुठंतरी कोपऱ्यात, अशा थाटात राउटरनं तो परस्पर दिला होता. या धंद्यात लहान आकडे मानाच्या यंत्रांना देतात. तुमच्याआमच्यासारख्याला असल्या गोष्टीत काही दिसलं नसतं. धाकटीच्या मात्र पोटात दुखायला लागलं.

ते दुखणं ऐन रंगात आलं असताना तिला दिसलं, की ‘मी’च्या शेजारी हिरवा ठिपका आहे. हिरवा ठिपका म्हणजे यंत्र चालू आहे. आत्ता, या घरात.

२

रात्रीपर्यंत थांबायला धाकटी काही साध्वी नव्हती. चहाच्या वेळेलाच तिनं विषय काढला.

“अहो, हे ‘मी’ कोण?”

“कोण मी?”

“तुम्ही नाही. राउटरमधलं.”

चष्मेवाला हसला. हिच्याकडं बघून नाही, कपाकडं बघून. “तिचा लॅपटॉप. सगळ्यांना तिनंच नावं दिली होती. माझ्यापुढं काय लिहिलंय?”

“चष्मेवाला.”

“आणि माझ्यापुढं गं?” सासूबाईंनी मान पुढं केली.

“आईंचा टीव्ही.”

“बघा! टीव्हीवरून ओळखायची मेली मला,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. “पण जीव लावायची हो. याला तर खारूताई काय, खारे काय, याच्या तोंडात तिचं धड नाव म्हणून नसायचं.”

धाकटीला चष्मेवाला ‘अगं’ म्हणायचा. पाहुणे असले तर तेही नाही.

“तो लॅपटॉप आहे कुठं?” तिनं विचारलं.

“भंगारात दिला की. सूप सांडलं त्याच्यावर. आतले स्क्रू मीच काढले, कार्डबिर्ड सगळं सुटं करून दिलं. का?”

“तो चालू दाखवतोय.”

“चालू कसा असेल?”

“तेच म्हणते मी. चुकून राहिलं असेल. पुसून टाका ते नाव.”

“राहू दे ना. काय खायला मागतंय का?”

“तुम्ही पुसा. तुमच्या हातानं. एक बटण आहे नुसतं.”

चष्मेवाल्यानं डोळ्यांवरचा चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि परत घातला. त्या दिवशी घरात तेवढंच काय ते पुसलं गेलं.

हाच तिचा खरा सल होता. पुसायचं बटण तिलाही दाबता येत होतं. रोज अशी डझनावारी नावं ती पुसायची. पण तिला ते त्याच्या हातून व्हायला हवं होतं. ती रुसून बघायची, ताट तसंच ठेवून उठायची, त्याच्याकडं पाठ करून झोपायची. तो प्रेमळ माणूस होता, हिलाही काही कमी करत नव्हता. पण ‘ते तेवढं राहू दे’ या एका वाक्यापुढं त्याचं गाडं सरकत नव्हतं.

३

कामावर तिच्यासोबत दाढीदादा म्हणून एक जुने गृहस्थ होते. दाढी पांढरी, मिशी काळी, आणि या विसंगतीवर कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. धाकटीनं त्यांच्या कानावर घातलं.

“दोन शक्यता,” दाढीदादा पावाचा तुकडा मोडत म्हणाले. “एक, स्वस्तातल्या कारखान्यानं दोन कार्डांवर एकच खूण मारली. शेजाऱ्यापाजाऱ्याचं कुणाचं तरी तुमच्या राउटरला चिकटलंय.”

“शेजाऱ्याला पासवर्ड माहीत नाही.”

“मग दुसरी. कार्ड जळलं की आपण काय करतो? नवं घालतो आणि जुन्याची खूण त्यात टाइप करतो. सर्व्हरला कळतसुद्धा नाही की आतलं माणूस बदललंय. जुनी जागा, जुना मान, सगळं चालू. तसं कुणीतरी तुमच्या घरात केलंय.”

कुणीतरी म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती. धाकटीच्या डोळ्यांपुढं सगळं लख्ख उभं राहिलं. चष्मेवाल्यानं गुपचूप नवा लॅपटॉप घेतलाय, त्यात तिची खूण घातलीये आणि कुठल्यातरी कपाटात बसून तो तिचे फोटो बघतोय. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांसमोर तिनं दुकान उपसलं. काचांचे खोके, फ्रेमचे खण, डोळे तपासायच्या यंत्रामागची फट. एक म्हातारे गृहस्थ अक्षरांचा तक्ता वाचत होते. तक्त्यामागून हिचं डोकं वर आलं तेव्हा त्यांनी तेही मोठ्यानं वाचायचा प्रयत्न केला.

सापडलं काहीच नाही.

मग तिनं स्वतःच ‘मी’ पुसलं. दुसऱ्या दिवशी ते परत आलं होतं, नाव नसलेलं, पण जन्मखूण तीच. तिनं त्या खुणेला दारच बंद केलं. आता राउटर तिला जागा देणार नव्हता. पण जागा मागणाऱ्याचं तोंड राउटरला बंद करता येत नाही. पडद्यावर ओळीखाली ओळ उमटू लागली. जागा द्या. नाकारलं. जागा द्या. नाकारलं. घरात त्याचा आवाज अर्थातच होत नव्हता. पण धाकटी ओळी वाचायला बसली की तिला खोलीत कुणीतरी बारीक श्वास घेतंय असं वाटायचं. लॅपटॉपचा पंखा फिरतो तसा. स्वतःचा लॅपटॉप बंद करून तिनं बघितलं. पंखा फिरतच होता.

आणखी एक झालं. दार बंद केल्या दिवसापासून चष्मेवाला मावळल्यासारखा झाला. जेवताना घास हातात राहायचा. एका बाईला त्यानं डाव्या डोळ्याची काच उजवीकडं बसवून दिली. खुर्चीकडं बघून बोलणंही बंद झालं. ‘बघा,’ धाकटीच्या मनानं उचल खाल्ली, ‘मी रुसले तर ढिम्म हलत नाही आणि ती रुसली तर घास उतरत नाही.’ ती म्हणजे कोण, हा प्रश्न तिला पडायला हवा होता. पडला नाही. मत्सर माणसाला फार चपळ करतो आणि थोडं आंधळंही.

तिच्या कामाच्या फोनवर एक सोय होती. कुठलं यंत्र किती जवळून बोलतंय, ते दांड्यांच्या उंचीवरून कळायचं. शनिवारी दुपारी सासूबाई टीव्हीपुढं पेंगत असताना ती फोन हातात धरून घरभर हिंडली. जिन्यात दांडा बुटका. स्वयंपाकघरात जरा वाढला. हिरव्या खुर्चीपाशी उंच झाला. म्हणजे खुर्चीत आहे, असं म्हणून तिनं गादी उचलली, खाली हात घातला, कापड दाबून बघितलं. हात बाहेर काढेपर्यंत दांडा खाली आला होता. खुर्चीतलं उठून गेलं होतं.

ती बेडरूमच्या दारात गेली. दांडा वाढला. पलंगापाशी गेली. वाढला. पलंगाच्या खिडकीकडच्या बाजूला, जिथं तिची उशी होती, तिथं फोन नेला आणि दांडा वरच्या काठाला टेकला. उन्हात उशी अगदी साधी पडली होती. मधे एक खळगा होता. तो आपल्याच डोक्याचा असणार, असं धाकटीनं स्वतःला समजावलं. अंथरूण मात्र तिनं सकाळीच आवरलं होतं.

४

कुणी शहाणी बाई असती तर तिनं त्या दिवशी राउटर उचलून गटारात टाकला असता. धाकटीला वाटली ती भीती नव्हतीच मुळी. माझ्या उशीवर! तिचा नुसता जळफळाट झाला.

तिनं दाढीदादांना फोन केला.

“एका पत्त्यावर दोन यंत्रं आली तर कोण टिकतं?”

“आधी बसेल ते. दुसरं बोंबलत राहतं.”

“म्हणजे मी तिची खूण माझ्या लॅपटॉपमध्ये टाइप केली, दहावा पत्ता पुन्हा राखला आणि आधी जाऊन बसले, तर तिला जागाच उरणार नाही.”

“तिला?”

“त्या यंत्राला हो.”

“उरणार नाही. पण बाई, तुमची स्वतःची जागा मोकळी पडेल, तेवढं बघा. आपले प्राचार्य मागं रजेवर गेले, तर परत येईस्तोवर त्यांच्या केबिनमध्ये झेरॉक्सचं मशीन आलं होतं.”

“माझी एकशे सत्तेचाळिसावी जागा? ती फुकट दिली तरी कोण घेणार, दादा?”

दाढीदादा हसले. तीही हसली.

कॉलेजला सुट्ट्या लागल्या होत्या. रविवारी दुपारी धाकटीनं लॅपटॉप उघडला आणि थोरलीची जन्मखूण एकेक अक्षर करून आत घातली. चार्जरची तार पुरत नव्हती. पुरेल असा प्लग एकच होता, खिडकीजवळचा. सासूबाई खोकल्या नाहीत, म्हणून ती हिरव्या खुर्चीत बसली. मग राउटरमध्ये बंद केलेलं दार उघडलं, दहावा पत्ता त्या खुणेला राखला, त्याला थोरलीनं दिलेलं नाव हट्टानं परत दिलं आणि लॅपटॉप सुरू केला.

‘मी’. हिरवा ठिपका.

जागा मागणाऱ्या ओळी थांबल्या. पंख्याचा श्वासही थांबला. घर इतकं शांत झालं, की खाली दुकानात काचेवर कापड फिरत होतं तेही ऐकू आलं. खुर्ची मऊ होती, आणि तिच्या मापाची निघाली.

५

संध्याकाळी चष्मेवाला जिना चढून वर आला तो शीळ घालत. खिडकीशी आला, थांबला, आणि फार मायेनं बोलला.

“काय खारे, वारं लागतंय का?” आणि त्यानं खिडकी लावून घेतली.

तिनं तोंड उघडलं होतं, ‘माझं नाव खार नाही’ असं ठणकावून सांगायला. पण वर्षभर उपाशी असलेल्या माणसापुढं दुसऱ्याचं ताट आलं म्हणून तो काही त्यावरची नावाची चिठ्ठी वाचत बसत नाही. ती गप्प बसली. खरं म्हणजे विरघळली.

पुढचे दिवस तर तिला खुर्चीतून उठवेना. तो रोज यायचा, खिडकीच्या कठड्यावर चहाचा कप ठेवायचा आणि दुकानातल्या गमती सांगायचा. “आज एक बाई आली. म्हणाली, असा चष्मा द्या की घर जवळ दिसेल आणि नवरा लांब.” धाकटी खदखदून हसली. तोही हसला, जरा मागाहून, स्वतःशीच. सासूबाई खुर्चीजवळून जाता जाता कापडावर हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, “तुझ्यासारखी तूच गं बाई.” हे शब्द या घरात आपल्या वाट्याला येतील असं धाकटीला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

सवतीचा पत्ता घेतला, सवतीची खुर्ची घेतली आणि सवतीचा नवराही घेतला, असा हिशेब मांडून ती खूश होती. थोरली आता कुठं गेली असेल, असा एक विचार कधीतरी डोकवायचा. गेली असेल बोंबलत. धाकटीला वाईट वाटलं नाही.

६

मग एके दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून सासूबाईंचं हसू ऐकू आलं.

सासूबाई एकट्या हसायच्या नाहीत. त्या टीव्हीबरोबर हसायच्या. टीव्ही धाकटीच्या समोर होता आणि बंद होता. आत कपांचा आवाज झाला. एक कप खुंटीवरून निघाला, दुसरा निघाला. तिसरा निघाला.

“आई?” धाकटीनं हाक मारली. “कोण आलंय?”

“अगं साखर बेतानं,” सासूबाई आत कुणालातरी म्हणाल्या, “त्याला हल्ली गोड चालत नाही.”

धाकटीनं लॅपटॉपवर राउटर उघडला. ‘आईंचा टीव्ही’, बंद. ‘चष्मेवाला’, हिरवा. ‘मी’, हिरवा. आणि खूप खाली, एकशे सत्तेचाळिसाव्या जागेवर, हिरवा ठिपका.

तिनं खूण वाचली. पुन्हा वाचली. ती तिच्या लॅपटॉपची खरी जन्मखूण होती, तिच्या मांडीवरच्या यंत्राच्या पोटातल्या कार्डावरची. ती दुसरीकडं कुठं असूच शकत नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं. थोरलीच्या लॅपटॉपबद्दल चष्मेवालाही हेच म्हणाला होता.

शोध लावू, घाबरायचं काय त्यात. स्वस्तातला कारखाना. शेजारी. दाढीदादांनी सुट्टीत काहीतरी गंमत केली असेल. तिनं फोन लावला.

“बोला बाई, काय राहिलं?” दाढीदादा म्हणाले.

“राहिलं म्हणजे?”

“आत्ताच तर ठेवलात की फोन.”

फोन तिच्या हातातून गादीवर पडला. तेवढ्यात जिना वाजला. चष्मेवाला वर येत होता. न्याहारीला तो याच वेळी यायचा. तिनं त्याच्याकडं दोन्ही हात केले. “अहो, ऐका ना. आत कोणीतरी—”

“काय खारे,” तो खुर्चीकडं बघून म्हणाला आणि न थांबता पुढं गेला.

तिनं तेव्हा पहिल्यांदा तो सूर नीट ऐकला. सूर मायेचा होता, यात शंका नाही. पण इतक्या दिवसांत एकदाही तो उत्तरासाठी थांबला नव्हता. तिच्याशी लग्न झाल्यावरही या रिकाम्या खुर्चीशी तो याच सुरात बोलत होता, रोज, तिच्यादेखत. तिनं कठड्याकडं बघितलं. कालचा कप तिथंच होता, काठोकाठ भरलेला, वर जाड साय धरलेली. परवाचाही. चहा प्यायल्याचं तिला आठवत होतं. चव कशी होती, ते काही केल्या आठवेना.

“अगं, झाला का चहा?” चष्मेवाला आत म्हणाला.

“झाला. हात धुतले का? आधी हात.”

हा आवाज ओळखीचा होता का? आपला आवाज यंत्रावर ऐकला की परका वाटतो, तसा तो होता. चष्मेवाला मात्र मुकाट्यानं हात धुवायला गेला. नळ सुरू झाला, बंद झाला.

धाकटीची बोटं कामात चुकली नाहीत. तिनं थोरलीची खूण लॅपटॉपमधून काढून टाकली. स्वतःच्या खऱ्या खुणेनं जागा मागितली. पडद्यावर एक साधी ओळ आली: या पत्त्यावर दुसरं यंत्र आहे. तिनं पुन्हा मागितली. दुसरं यंत्र आहे. पुन्हा. तिला उठायचं होतं, चार पावलं टाकून स्वयंपाकघरात जायचं होतं, पण मऊ गादीत ती अशी काही रुतली होती, की पायांना ती गोष्ट कळेचना. मग आतलं सगळं विझत चाललंय असं वाटून तिनं घाईघाईनं थोरलीची खूण परत टाइप केली. निदान तिथं तरी. दहावा पत्ता. ‘मी’. ठिपका हिरवा झाला आणि तिला श्वास घेता आला.

७

खुर्चीतून स्वयंपाकघराचं अर्धं टेबल दिसायचं. चष्मेवाल्याची पाठ, सासूबाईंचे हात. तिसरं माणूस दाराच्या कडेआड होतं. त्याचं फक्त कोपर दिसत होतं, करड्या लोकरी बाहीतलं, आणि पंजात धरलेला फोन. ती बाही धाकटीच्या स्वेटरची होती. तिनं खाली स्वतःच्या हातांकडं बघायचं टाळलं.

“अहो,” कडेआडून आवाज आला, “ते ‘मी’ अजून दिसतंय यात.”

“असू दे गं,” सासूबाई म्हणाल्या. “तेवढीच तिची आठवण.”

“असू दे की. मी कुठं काय म्हणते? मी तर या सगळ्यावरून उगीच फार भांडले तुमच्याशी. चुकलंच माझं.” आवाज मऊ होता. रुसवा नाही, टोमणा नाही. वर्षभरात धाकटीला एकदाही साधला नव्हता असा. “फक्त सारखं जागा मागत राहतं हो ते. बघितलं की जीव तुटतो. अडकल्यासारखं वाटतं. आपणच अडकवून ठेवल्यासारखं.”

चमचा बशीत ठेवल्याचा आवाज झाला.

चष्मेवाला वळला. त्यानं खुर्चीकडं बघितलं, अगदी धाकटीच्या डोळ्यांत. ती ओरडली. जीव खाऊन ओरडली, नाव घेऊन ओरडली, स्वतःचं नाव सांगितलं, लग्नाचा दिवस सांगितला, त्याच्या पाठीवरचा तीळ सांगितला. त्यानं डोळे बारीक केले. नंबर बदललेला माणूस लांबची पाटी वाचताना करतो तसे. लॅपटॉपचा पंखा बारीक फिरत होता. तोही त्याला ऐकू आला असेल किंवा नसेल.

“मला वाटायचं ती तिथं बसते,” तो हळू म्हणाला. “या आठवड्यात तर फारच वाटलं. रोज बोललो मी तिच्याशी. वेड्यासारखं.”

“वेडं कसलं त्यात? माणूस बोलतोच,” आवाज म्हणाला.

“नाही गं. तू इथं, माझ्यासमोर, आणि मी भिंतीशी गप्पा मारतोय. तुला किती लागलं असेल.” तो उठला. टेबलाला वळसा घालून कडेआडच्या माणसापाशी जाऊन उभा राहिला. आता त्याचंही फक्त कोपर दिसत होतं, त्या करड्या बाहीला टेकलेलं. “पुरे झालं आता. ती खुर्चीही खाली नेऊ. गिऱ्हाइकांना बसायला होईल.”

“घाई नाही हो.”

“आहे. दे तो फोन इकडं. कुठलं बटण ते? मी पुसतो. माझ्या हातानं.”

हे वाक्य ऐकायला धाकटी रुसली होती, ताटावरून उठली होती, खिडकीकडं तोंड करून रात्र रात्र जागली होती. आणि लाज सोडून सांगायचं तर, ते कानावर पडल्याबरोबर, त्याचा अंगठा काचेवर टेकायच्या आधी, तिला क्षणभर बरंच वाटलं.